लायल हुडॅकचा अंगठा

लायल हुडॅकशी टॅपर्सबर्गात कुणी वाद घालत नसे, कारण तो वाद घालायचाच नाही, मोजून दाखवायचा. एकतीस वर्षं तो काउंटीचा वजनमापं तपासणारा इन्स्पेक्टर होता. पेट्रोल पंपावर पाच गॅलनचं भांडं घेऊन उभा राहायचा, खाटकाच्या काट्यावर आपली पितळी वजनं ठेवायचा, आणि सगळं बरोबर निघालं की हिरवं लेबल चिकटवून चालू पडायचा. सख्ख्या मेव्हण्याच्या दुकानातला काटा अर्ध्या औंसाने खोटा निघाला, तेव्हा भर ख्रिसमसच्या आठवड्यात त्याने त्यावर लाल लेबल मारलं. मेव्हणा दोन वर्षं बोलला नाही. डोरिनने, म्हणजे लायलच्या बायकोने, भावाची बाजू घेतली नाही. "हॅम तू कमी द्यायचास आणि मान लायलने खाली घालायची होय?" एवढंच ती भावाला म्हणाली होती.

अशा माणसाला अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर दुसरं कुठलं काम मिळणार? आमच्या टॅनर्स संघाच्या सामन्यांत तो साखळी धरायचा. दोन उंच काठ्या, मध्ये दहा यार्डांची साखळी, आणि चेंडू तेवढा पुढे सरकला की नाही याचा निवाडा त्या साखळीवर. हे काम गावातलीच माणसं करतात. पगार नाही, एक टोपी आणि एक हॉटडॉग मिळतो. अट मात्र कडक असते. ओरडायचं नाही, टाळी वाजवायची नाही, आपला संघ जिंकत असला तरी चेहरा मयताला आल्यासारखा ठेवायचा. मागची काठी धरणारा बर्नी काझमार अंत्यसंस्कारांच्या दुकानात नोकरीला असल्यामुळे त्याला ते सहज जमायचं. लायलला शिकावं लागलं, पण बावीस वर्षांत त्याच्या तोंडून चकार शब्द निघाला नव्हता.

दुसरी अट साधी होती. मैदानाच्या रेषेबाहेर उभं राहायचं, आणि खेळ अंगावर आला की काठीसकट मागे पळायचं.

चार वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात लायलने ही दुसरी अट मोडली, आणि हे जगात एकट्या लायललाच माहीत होतं. निदान तो तसं समजत होता.

त्या दिवशी क्विंटन मेबरी लायलच्या बाजूच्या रेषेलगत धावत आला. मेबरी हा आमचा रिसीव्हर. लांबून फेकलेला चेंडू पळता पळता झेलायचा. झेलणारे पुष्कळ झाले, पण गावाने एवढा जीव दुसऱ्या कुणाला लावला नाही. सामना संपल्यावर शेवटच्या म्हातारीच्या टोपीवर सही होईपर्यंत तो कुंपणाशी उभा राहायचा. सेंट सिरिल चर्चच्या तळघरात बायकांबरोबर पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या करंज्या, भरायला बसायचा. त्याच्या पिरोगी इतक्या वाकड्यातिकड्या व्हायच्या की एखादी आई आपल्या पोरालाही देणार नाही, आणि नेमक्या त्याच सगळ्यांत आधी संपायच्या. तर हा मेबरी खांद्यावरून मागे बघत धावत होता, चेंडू वरून खाली येत होता, आणि लायल हुडॅक तोंड उघडं टाकून बघत राहिला. इतक्या वर्षांचा मुरलेला माणूस, जत्रेत हरवलेल्या पोरासारखा. मेबरीने हवेतच चेंडू पकडला, खाली आला, वेगात रेषेबाहेर तीन पावलं गेला, आणि त्याचा डावा पाय लायलच्या काठीत अडकला. मागून पलीकडच्या संघाचा एक दांडगा गडी त्याच्या अंगावर पडला. गुडघा मोडला तो त्या गड्याने मोडला, असं सगळ्यांनी धरलं. चित्रीकरणातही त्या गड्याची पाठ मध्ये आली होती. मेबरीने स्वतः वर्तमानपत्राला सांगितलं, "पाय रेषेवर मुरगळला, कुणाचा दोष नाही."

पुढच्या वसंतात संघाने त्याचा करार वाढवला नाही. गुडघा गेलेला रिसीव्हर कोण ठेवणार?

लायलने हे डोरिनला सांगितलं नाही. चर्चमध्ये पापांची कबुली द्यायला गेला तेव्हा पडद्याआड बसून तो म्हणाला, "फादर, मी मेव्हण्याचा राग करतो," आणि खरं ते तोंडात ठेवून बाहेर आला. त्यानंतर हिरवं लेबल चिकटवताना दरवेळी त्याच्या मनात यायचं, की आपल्या कपाळावर कुठलं लेबल बसेल? लोकांनी 'हुडॅक म्हणजे हुडॅक' असं म्हटलं की त्याला ओशाळवाणं व्हायचं. चार वर्षं ही बोच त्याने एकट्याने सोसली. त्यात मोठेपणा काही नव्हता, ती निव्वळ भीती होती.

यंदा मार्चमध्ये बातमी आली, की मेबरीने कोचला फोन केलाय. त्याला परत यायचंय.

ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस होते. शुक्रवारी मांस चालत नाही, म्हणून सारं गाव अग्निशमन दलाच्या फायर हॉलमध्ये तळलेला मासा खायला जमतं, आणि माशापेक्षा बोलणंच जास्त चघळतं. त्या शुक्रवारी दुसरा विषयच नव्हता.

"एकतीस वर्षांचा झालाय तो, आणि एक गुडघा दुरुस्त केलेला," बर्नी म्हणाला. "एवढं प्रेम ऊतू चाललंय तर घरी जेवायला बोलवा ना. संघात कशाला?"

"तू गप रे!" अर्मा पाव्हलिक कडाडली. वय ऐंशी, अंगात मेबरीचा अठरा नंबरचा शर्ट. "मेलेल्यांना पावडर लावतोस, तुला जित्या माणसाचं काय कळतंय? त्याच्या एका पायात जेवढं आहे तेवढं आत्ताच्या तिघा रिसीव्हरांत मिळून नाही."

"मागच्या वर्षी त्या तिघांनी मिळून एकोणीस चेंडू हातातून सोडले, आजी. ते मीही पाहिलंय."

"मग? माझंच म्हणणं मांडतोयस की तू!"

हशा पिकला. मग कुणीतरी म्हणालं, "लायलला विचारा." सगळ्यांच्या माना वळल्या.

लायलच्या मनात एकच गोष्ट ओरडत होती: घ्या त्याला, देवाच्यान घ्या. मेबरी परत त्या रेषेवरून धावला, लोक परत उठून उभे राहिले, तर त्या दिवशी काही मोडलंच नव्हतं असं होईल. ही ओढ मेबरीसाठी नव्हती, हे त्याला कळत होतं. स्वतःची सुटका हवी होती. पण तोंडाने तो एवढंच म्हणाला, "आधी धावू तर द्या त्याला."

"ऐका! याला म्हणतात माणूस," बर्नी म्हणाला.

कोच डेल ओस्ट्रँडर आपली थाळी घेऊन शेजारी येऊन बसला. आडदांड, आवाज घोगरा, आणि डोळ्यांत पाणी चटकन येणारा माणूस. "मंगळवारी चाळीस यार्ड धावायला लावतोय त्याला," तो हळूच म्हणाला. "चार पॉइंट पासष्ट सेकंदांच्या आत आला तर करार, नाहीतर हात मिळवून निरोप. घड्याळ तू धर."

"दुसरं कुणी बघ, डेल."

"दुसऱ्या कुणाचा आकडा गाव मानणारे का? मी धरलं तर म्हणतील डेलचा जीव आहे त्याच्यावर. बर्नीने धरलं तर अर्मा त्याला जिवंत पुरेल."

नाही म्हणायचं कारण लायलजवळ होतं, आणि ते चांगलं भक्कम होतं. तीन शब्दांत सांगता आलं असतं. त्याने माशाचा मोठा घास तोंडात कोंबला आणि होकारार्थी मान हलवली.

मंगळवारी चारच्या सुमाराला मैदानावर बोचरा वारा सुटला होता. कोच, लायल, आणि कुंपणापलीकडे ब्लँकेट गुंडाळून अर्मा, एवढीच माणसं. मेबरी गाडीतून उतरला आणि सरळ लायलकडे आला. केस कानांजवळ पांढरे झाले होते, हसू तेच होतं.

"मिस्टर एल! अजून काठी धरता ना?" म्हणत त्याने लायलला मिठी मारली.

"धरतो," तो कसाबसा म्हणाला.

"आज घड्याळ तुमच्याकडे आहे हे बरं झालं," मेबरी म्हणाला, आणि अंग मोकळं करायला गेला.

कोच मध्यावर उभा राहिला. त्याला गुडघा कसा वळतो ते बघायचं होतं. लायल शेवटच्या रेषेशी. मेबरीने पहिलं पाऊल उचललं की बटण दाबायचं, छाती रेषेवर आली की परत दाबायचं. पहिल्या धावेला लायलचा हात दगडासारखा स्थिर होता. "चार पॉइंट चौऱ्याहत्तर," त्याने आवाज दिला. आवाज पडला होता, पण आकडा खरा होता.

"थंडी आहे," कोच म्हणाला. "अजून एकदा. ही शेवटची."

मेबरी गवतावर बसला. गुडघ्यावरचा पट्टा घट्ट करायला त्याने विजार वर सरकवली. लायलपासून चार हातांवर. मांडीपासून नडगीपर्यंत गेलेला तो व्रण, दोन्ही बाजूंना टाक्यांच्या खुणा. लायलने तो आजवर पाहिला नव्हता. बघायचं नाही म्हणून त्याने मान फिरवली, आणि तरी पाहिलं.

दुसरी धाव वेगळी होती. ती पहिल्या तीन पावलांतच कळली. लायलचे डोळे त्यात मुरलेले होते. मेबरी सुटला होता, जुन्यासारखा सुटला होता. लायलने हात नुसता शांत ठेवला असता तर जे काय होतं ते स्वच्छ कळलं असतं. पण मेबरी रेषेवर पोचायच्या आधीच लायलचा अंगठा खाली गेला.

घड्याळात चार पॉइंट अठ्ठावन्न.

"चार अठ्ठावन्न!" लायल ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर ओरडला. कोचने टोपी आभाळात फेकली, कुंपणापलीकडे अर्मा रडायला लागली. मेबरी गुडघ्यांवर हात टेकून वाकला होता, धापा टाकत होता. त्याने मान वर करून लायलकडे पाहिलं. तो हसत नव्हता.

लायल शिट्टी वाजवत घरी आला. डोरिन बघतच राहिली. चार वर्षांत तिने ती शिट्टी ऐकली नव्हती. जेवताना त्याने स्वतःला समजावलं, की अंगठा आपोआप दाबला गेला, थंडीने बोटं आखडली होती. दुसऱ्यांदा समजावलं तेव्हा काटा हातातच राहिला. एकतीस वर्षं जो अंगठा आपोआप कधी हलला नाही, तो नेमका आजच हलला? त्याने दाबला होता. ठरवून दाबला होता. एका खोटेपणावर दुसरा ठेवला होता, आणि वर शिट्टी वाजवत आला होता.

बुधवारी दुपारी तो गॅरेजमध्ये वजनं पुसत बसला असताना मेबरी आला. लंगडत होता. गुडघ्याभोवती बर्फाची पिशवी बांधलेली.

"बस ना," लायल म्हणाला. "डोरिनने अक्रोडाचा रोल केलाय."

"बसलो तर उठवणार नाही, मिस्टर एल. उभाच बरा." मेबरीने भिंतीला पाठ टेकली. "सकाळी यातलं पाणी काढलं. सहा आठवडे धावायचं नाही म्हणतो डॉक्टर. कोच म्हणाला, काही बिघडत नाही, सामने जूनमध्ये सुरू होतात, शुक्रवारी सही करून टाक."

"मग छानच झालं."

"एक विचारायचं होतं. काल मी किती धावलो?"

"सांगितलं की."

"चार अठ्ठावन्न मी सव्विसाव्या वर्षी धावलो होतो. दोन्ही गुडघे माझे होते, आणि वारा पाठीमागून होता. काल वारा तोंडावर होता."

लायलने हातातलं वजन बाकावर ठेवलं. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं एकदम बाहेर पडलं. "क्विंटन, ती काठी माझ्या हातात होती. त्या दिवशी. मी मागे सरलो नाही. तुझा गुडघा त्या गड्याने नाही, मी मोडला."

"माहितीय मला."

"काय?"

"काठी माझ्याच पायात आली, मिस्टर एल. मला कळणार नाही तर कुणाला? पडताना तुमचा चेहरा दिसला. तोंड असं उघडं! माझा मामा माझा खेळ असाच बघायचा." मेबरी थोडा हसला. "बोललो असतो तर तुमची काठी गेली असती. बरा थोडाच होणार होता गुडघा. मी ते तेव्हाच सोडून दिलं. तुम्ही अजून धरून बसलात?"

लायलला रडू फुटलं. साठीचा माणूस हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसत उभा होता. इतकी वर्षं ज्या दाराशी तो घाबरून उभा होता, ते दार उघडंच होतं. आता कुठे सुटलो असं त्याला वाटलं, आणि ते जेमतेम चार श्वास टिकलं.

"ते जाऊ दे," मेबरी म्हणाला. "कालचं सांगा. ईरी शहरात मला बस चालवायची नोकरी मिळतेय. सोमवारी ट्रेनिंग सुरू. पोरी दोन आहेत. लोरेटा, माझी बायको, म्हणाली, तुला खेळायचंय ते मला दिसतंय, पण तुझ्या मनाला विचारू नकोस, लोकांना तर नकोच नको. घड्याळाला विचार. पासष्टच्या आत आलास तर मी स्वतः तुझी बॅग भरते. नाही आलास तर पुन्हा हा विषय नको. मी कबूल केलं. ईरीतही एक संघ आहे, तेही धावायला लावून बघतो म्हणत होते. मी नाही म्हटलं. मी म्हटलं, टॅपर्सबर्गात हुडॅक घड्याळ धरतो, तो जे सांगेल ते खरं."

लायलने बाकावरचं फडकं उचललं आणि परत ठेवलं.

"दुसरी धाव चांगली झाली होती, मिस्टर एल. मला पायांत कळली. गुडघा गेल्यापासून अशी झाली नव्हती. चार अठ्ठावन्न नव्हती. पण आत असेल. असू शकते. म्हणून विचारतो, खरा आकडा काय?"

"मला माहीत नाही," लायल म्हणाला.

"म्हणजे?"

"मी आधीच दाबलं. तू रेषेवर यायच्या आधी. किती आधी ते..." त्याने दोन्ही हात समोर धरले, मधलं अंतर मोठं केलं, मग कमी केलं. "अर्धा यार्ड आधी असेल तर तू आत आहेस. एक यार्ड असेल तर बाहेर. मी बघितलं नाही, क्विंटन. मला तू यायला हवा होतास, म्हणून मी रेषेकडे बघितलंच नाही."

जाळीच्या दारामागे डोरिन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

मेबरी चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता गुडघ्याकडे बघत राहिला. "आणि परत धावता येत नाही," तो स्वतःशीच म्हणाला. "तुम्ही मला खोटा आकडा दिलात याचं एवढं नाही. खरा होता, तो पुसून टाकलात."

"मी कोचला सांगतो. आत्ता जातो."

"सांगा. पण माझ्याकडे आता एकच खरा आकडा उरलाय, पहिला. चौऱ्याहत्तर. बायकोला शब्द दिलाय, त्यावर चालायला पाहिजे."

डोरिन बाहेर आली आणि तिने फॉइलमध्ये गुंडाळलेला रोल त्याच्या हातात दिला. "थँक यू, मॅम. पोरींना आवडेल," तो म्हणाला, आणि लंगडत गाडीकडे गेला. डोरिनने नवऱ्याकडे पाहिलं. "चार वर्षं?" एवढंच तिने विचारलं. लायलने मान हलवली. ती आत गेली आणि भांडी घासायला लागली. भांडी आधीच घासलेली होती.

लायल तसाच कोचकडे गेला. ओस्ट्रँडरने सगळं ऐकून घेतलं, मग त्याच्या खांद्यावर थाप मारली.

"लायल, साऱ्या देशात घड्याळवाला आपल्या पोरासाठी जरा लवकरच दाबतो. घरी जा, झोप काढ."

"मी फसवलंय, डेल."

"कुणाला? मी त्याला पहिल्या आकड्यावरही घेतला असता. बातमी फुटल्यापासून तिकिटांना रांग लागलीय."

"मग ती पासष्टची अट?"

"अरे, काहीतरी अट नको का? लोकांना बरं वाटतं. त्यालाही बरं वाटतं, की कमावून आलो."

म्हणजे ती अट खरी मानणारा माणूस एकच होता, आणि तो विश्वासाने लायलकडे आला होता. लायल गाडीत येऊन बसला तेव्हा त्याला किल्ली कुठे घालायची ते सुचेना.

शुक्रवारी मेबरीने सही केली नाही. सोमवारी तो ईरीला बस शिकायला रुजू झाला. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या: मेबरी यांनी टॅनर्सना घरगुती कारणांसाठी नकार दिला आहे. बस्स, गावाचं डोकं फिरलं. ज्यांनी डोक्यावर घेतला होता त्यांनीच पायदळी तुडवायला घेतला.

पुढच्या शुक्रवारी फायर हॉलमध्ये अर्माच्या अंगात साधा निळा स्वेटर होता. "गरिबांच्या पेटीत टाकला तो शर्ट," ती म्हणाली. "थंडीत बसून रडले मी त्याच्यासाठी! आणि हा आम्हाला ठेंगा दाखवून मोकळा."

"मी म्हणत नव्हतो?" बर्नी म्हणाला.

"चार अठ्ठावन्न धावतो आणि बस चालवायला जातो! आपलं गाव आता त्याला लहान पडतं, दुसरं काय?"

लायल उठून उभा राहिला. डोरिन शेजारी होती. तिने त्याच्याकडे बघितलं नाही, फक्त त्याची थाळी हाताने बाजूला सरकवली.

"तो चार अठ्ठावन्न धावला नाही," लायल म्हणाला. आवाज चिरका निघाला, पण हॉल शांत झाला. मग त्याने सगळं सांगितलं. काठी, उघडं तोंड, गुडघा, चार वर्षं, अंगठा. मेबरीला काठीचं पहिल्यापासून माहीत होतं आणि त्याने कुणाला सांगितलं नाही, हेही सांगितलं. "तो तुम्हाला नाही म्हणाला नाही. तो खरा राहिला. त्याला नाही म्हणायला मी लावलं."

फ्रायरमधलं तेल तेवढं चरचरत होतं. लायल वाट बघत होता. कुणीतरी शिवी द्यावी, कुणीतरी म्हणावं की काठी खाली ठेव, इन्स्पेक्टरचा बिल्ला परत कर. त्याची तयारी होती. त्याला ते हवंच होतं.

अर्मा खुर्चीला धरून उठली, हळूहळू चालत आली, आणि तिने लायलचे दोन्ही गाल हातांत धरले. "आमच्यासाठी केलंस रे बाबा! एवढा कडक माणूस तू, आमच्या संघासाठी घड्याळ दाबलंस!"

मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. बर्नीने, बावीस वर्षं मैदानावर ज्याने टाळी वाजवली नव्हती त्या बर्नीनेसुद्धा. "आणि त्याला एवढी कदर नाही!" कुणीतरी ओरडलं. "हुडॅकने त्याच्यासाठी नाव पणाला लावलं आणि हा चालला बस घेऊन!"

"तुम्हाला कळत नाहीये," लायल म्हणाला. "अहो, तुम्हाला कळत नाहीये!" पण कुणाचं लक्ष नव्हतं. त्याच्या थाळीत कुणीतरी माशाचे दोन मोठे तुकडे आणून टाकले. डोरिनने त्याचा कोट उचलला, दंडाला धरून त्याला दाराकडे नेलं. "चल," ती म्हणाली. "इथे तुला शिक्षा मिळायची नाही."

गाडीत बसून त्याने मेबरीला फोन लावला. बाहेर अजून उजेड होता. डोरिन शेजारी बसली होती.

"मी सगळ्यांना सांगितलं," लायल म्हणाला.

"बरं केलंत. काय म्हणाले?"

"टाळ्या वाजवल्या."

पलीकडे मेबरी हसायला लागला. खूप वेळ हसला, खोकला येईपर्यंत. "टॅपर्सबर्ग!" तो म्हणाला. "गोड माणसं आहेत हो."

"बस कशी चाललीय?"

"रिकामीच चालवतो अजून. शिकवणारा शेजारी बसतो, वळणावर ओरडतो." मागे पोरींचा गोंगाट ऐकू येत होता, कुणीतरी नळ सोडला होता. "गुडघ्याचं मनात ठेवू नका, मिस्टर एल. खरंच सांगतो. ते मी त्याच दिवशी मैदानावर सोडलं."

"आणि घड्याळाचं?"

नळ बंद झाला. "लोरेटा परवा म्हणाली, बॅग भरलीच असती मी, इतका तू खुशीत होतास त्या दुपारी. मग विचारलं तिने, काय वाटतं तुला, आत होतास की बाहेर? सिग्नलला बस थांबली की मी डोळे मिटून ती धाव परत धावतो. कधी आत येतो, कधी बाहेर."

"क्विंटन, मला माफ कर."

"आज नाही, मिस्टर एल," मेबरी म्हणाला. नेहमीच्या सभ्यपणे, आवाज न चढवता म्हणाला. मग पोरींना रोल फार आवडला असं डोरिनमॅमना सांगा म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.